गल्लीचा आकडा

सीनानगरात प्रत्येक गल्लीचा आकडा सकाळी सकाळी मोबाइलवर यायचा, हवेचं तापमान आणि सोन्याचा भाव यांच्या मधोमध. शहरातल्या चादरवाडी या यंत्रमागांच्या वस्तीतले लोक चहाला आधण ठेवायच्या आधी तो बघत. आधी आपल्या गल्लीचा, मग शेजारच्या गल्लीचा, आणि घरात लग्नाची मुलगी असेल तर ज्या गल्लीतून स्थळ आलंय तिथला. चादरवाडीच्या बाभूळ गल्लीचा आकडा संक्रांतीपासून एकवर अडकून बसला होता.

एक म्हणजे गल्लीतल्या एका माणसाच्या अंगात एचआयव्हीचा विषाणू आहे आणि त्याला औषध चालू नाही. तो माणूस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक त्याचं त्यालाही नसावं, असं शालन क्षीरसागर सगळ्यांना सांगत फिरायची. शालन ही बाभूळ गल्लीची गल्लीताई. महापालिकेनं प्रत्येक गल्लीत एक बाई नेमली होती. लोकांना समजावून चाचणीला धाडायचं, एवढंच तिचं काम. ऐकायला ते सोपं वाटतं.

पूर्वी या रोगाची चाचणी म्हणजे माणसानं दवाखान्यात जायचं, बोट पुढं करायचं आणि रक्त द्यायचं. माणूस गेलाच नाही तर रोग कळायचा नाही, आणि माणसं जात नसत. दवाखाना लांब, कामाचा खाडा, वर ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती. डॉ. मृणाल सबनीस या संशोधक बाईंनी यावर तोड काढली. विषाणूशी झगडताना शरीरात जी मोडतोड होते तिचे अगदी बारीक तुकडे लघवीतून बाहेर पडतात, आणि त्या तुकड्यांवर ज्याच्या त्याच्या शरीराची वेगळी खूण असते. गल्लीच्या गटारात बसवलेलं यंत्र हे तुकडे वेचतं आणि खुणा मोजतं. जितक्या खुणा तितकी माणसं. तुकडे वाढू लागले तर रोग बळावतोय, थांबले तर औषध लागू पडलं. वाहत्या पाण्याची परीक्षा म्हणून बाईंनी या पद्धतीला नाव दिलं ओघचाचणी. माणूस दवाखान्याची पायरी चढो न चढो, मोरीची पायरी चढतोच, हा त्यामागचा सरळ हिशेब.

कल्पना नामी होती. इतकी नामी की, गटार सगळं सांगतंय तर वाडीवाडीत दवाखाने हवेत कशाला, असं महापालिकेला वाटलं. चादरवाडीचा दवाखाना बंद झाला. त्या जागी आता चादरींचं गोदाम आहे. ज्याला चाचणी करायची त्यानं शहराबाहेरच्या केंद्रावर जावं. केंद्र बसच्या शेवटच्या थांब्यावर, आणि त्या थांब्यावर केंद्राखेरीज काहीही नव्हतं. त्यामुळे त्या बसमध्ये पाय ठेवणं म्हणजे चौकात उभं राहून आपला रोग ओरडून सांगण्यासारखं होतं. गल्लीच्या भल्यासाठी लोक पुढं येतील म्हणून आकडे जाहीर करायचंही ठरलं. हेतू चांगलाच होता. या शहरात वाईट हेतूनं फारसं काही होत नसे, तरी माणसं मरायची ती मरतच.

फाल्गुनात डॉ. सबनीस स्वतः यंत्र बघायला आल्या. सार्वजनिक संडासामागं पिवळी पेटी उघडून त्या वाकून बसल्या होत्या, आणि शालन पदर खोचून शेजारी उभी होती.

"तुकडे वाढतायत," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यापेक्षा बरेच. शालनताई, हा माणूस लवकर सापडायला हवा."

"मॅडम, तुमच्या मशीनला एवढं सगळं कळतंय, मग कोण हाय तेवढं सांगून टाका की. मी त्याला खांद्यावर घेऊन जाते."

"तेवढंच कळत नाही. खूण दिसते, पण ती कुणाची हे कळायला त्या माणसाचं रक्त हवं. तो केंद्रावर आला की एका मिनिटात जुळेल. मग वर्षातून दोनदा इंजेक्शन घ्यायचं, बस. दिवाळीच्या आत सुरू झालं तर म्हातारा होऊन मरेल तो, या रोगानं नाही."

"आणि तुमच्याकडं टेकडीवरच्या बंगल्यांत कसं असतं?"

डॉ. सबनीसांनी पेटीतून मान वर काढली. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तिथं प्रत्येक घराला आपला संडास आहे. यंत्र त्यातच असतं. ज्याचं त्याला कळतं, औषध घरी येतं."

"म्हंजे तुमच्यात रोग माणसाला होतो," शालन म्हणाली, "आन् आमच्यात गल्लीला."

बाईंनी पेटी बंद केली. त्या हात पुसत राहिल्या.

शालननं त्या दिवसापासून गल्ली पिंजून काढली. सगळ्यांसमोर ती स्वतः आधी त्या बसमध्ये बसून आली, चाचणी करून आली, आपल्याला काही नाही हे दाखवलं. उपयोग शून्य. यंत्रमागावरचे कामगार म्हणाले, खाडा कोण भरून देणार. बायका म्हणाल्या, तुझं बरंय, तू सरकारी कामावर जाते म्हणून सांगशील, आम्ही काय सांगू? एका सासूनं तर, आमच्या घरात असले धंदे नाहीत, म्हणून दार लावून घेतलं. दरम्यान गल्ली एकमेकांकडे निरखून बघायला लागली. जो बारीक झाला तो संशयित. कोपऱ्यावरच्या अंबू शिंपिणीला नुसता ताप आला, तर लोकांनी तिच्याकडे ब्लाउज टाकायचं बंद केलं. शालनला गल्लीचा राग यायचा, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटायची.

तिला स्वतःलाही एक घोर होता. तिची मुलगी रेणू. बार्शीचं स्थळ आलं होतं, मुलगा गुणी, मुलीला मुलगा पसंत, पोरीचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. मुलाची आई फोनवर गोड बोलायची, पण प्रत्येक वेळी शेवट तिथंच यायचा. "आमचं काही म्हणणं नाही हो विहीणबाई. पण आमचे भाऊबंद आकडा बघतात. तुमच्या गल्लीचा तो एक गेला की लगेच तारीख धरू."

हे सगळं घरात चुलीपाशी बोललं जायचं, आणि भाकरी थापत हौसाबाई ते ऐकत असायच्या. हौसाबाई म्हणजे शालनची नणंद, नवऱ्याची थोरली बहीण. हौसाबाईंचा नवरा ट्रकवर होता. तो तापानं गेला असं सांगितलं गेलं, आणि सासरच्यांनी वर्षाच्या आत त्यांना भावाच्या दारात आणून सोडलं. पोटी मूलबाळ नाही. रेणूला शाळेत पोचवण्यापासून तिच्या वेण्या घालण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. "पोर तुझी, पण लाड माझे," असं त्या शालनला चिडवायच्या.

शालननं त्यांनाही विचारलं होतं. एकदाच. "वन्सं, तुमी पण येता का केंद्रावर? सगळ्यास्नी सांगतेय म्हणून आपलं."

"मला काय धाड भरलीय?" हौसाबाई हसल्या. "आधी त्या बाकीच्यांना ने. आन् तुझ्या मॅडम दिवाळीपतुर टाइम हाय म्हणाल्यात न्हवं? मग एवढी कशापायी पळतीस?"

शालनही हसली आणि पुढच्या घराकडे वळली. घरच्या माणसाला दुसऱ्यांदा विचारणं तिच्या जिवावर आलं. दुसऱ्यांच्या दारात ती तीनतीनदा गेली होती.

चैत्रात हौसाबाईंनी कामधंदा धरला. हायवेपलीकडे, शहराची हद्द संपते तिथं, ट्रकवाल्यांचा एक मोठा ढाबा होता. तिथं झाडलोट आणि संडास धुवायचं काम. शालनचा नवरा अंबादास चिडला. "अक्का, तुला आम्ही दोन घास कमी घालतोय का?" पण हौसाबाई बधल्या नाहीत. पोरीच्या लग्नाला माझाही हातभार लागू दे, म्हणाल्या. अंधारात निघायच्या, दिवेलागणीला यायच्या.

आणि थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, बाभूळ गल्लीचा आकडा शून्य झाला.

शालननं मोबाइल दोनदा बंद करून चालू केला. शून्यच. तिनं डॉ. सबनीसांना फोन लावला तेव्हा तिला नीट बोलता येत नव्हतं.

"तुकडे पूर्ण थांबलेत," बाईही हरखल्या होत्या. "गल्लीतून कुणी गेलं का? सोडून, किंवा... वारलं?"

"न्हाई मॅडम. सगळी हायत. मी रोज बघते की."

"मग एकच अर्थ. कुणीतरी गुपचूप कुठंतरी जाऊन इंजेक्शन घेतलं. तुमच्या बोलण्याचा उपयोग झाला, शालनताई."

गल्लीत पेढे वाटले गेले. अंबू शिंपिणीकडे ब्लाउजांचा ढीग लागला, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. बार्शीहून फोन आला. वैशाखातली तारीख धरली. तो गुपचूप बरा झालेला माणूस कोण, हे शालनला कधीतरी विचारावंसं वाटायचं, पण कुणाला विचारणार? ज्याचं त्याचं भलं झालं, असं म्हणून ती कामाला लागली.

लग्न गल्लीतच मांडव घालून झालं. ऊन मी म्हणत होतं. हौसाबाईंनी त्या दोन दिवसांची सुटी घेतली होती. हळद दळण्यापासून रुखवत मांडण्यापर्यंत त्या कुठं नव्हत्या? गळा बसेस्तोवर गाणी म्हटली. फक्त पाणी प्यायच्या नाहीत. शालननं तांब्या पुढं केला की ओठाला लावायच्या आणि खाली ठेवायच्या.

"वन्सं, घोटभर तरी घ्या! अंगात काय उरलंय का तुमच्या? वाळून काटकी झालाय."

"पोर सासरी चाललीय, घशाखाली काय उतरतंय व्हय," त्या म्हणाल्या, आणि खोकत खोकत मांडवामागं गेल्या.

शालनला ते खरं वाटलं. आईच्या मायेनं वाढवलेली पोर चाललीय, तर घशाखाली काही उतरू नये हे कुणालाही खरंच वाटलं असतं.

आषाढात हौसाबाई ढाब्यावर काम करता करता पडल्या. ट्रकवाल्यांनीच उचलून जवळच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. शालन आणि अंबादास पोचले तोवर रक्त तपासून झालं होतं. तरुण डॉक्टरनं अंबादासला बाजूला घेतलं आणि काय ते सांगितलं. विषाणू जुना, फुप्फुसं क्षयानं पोखरलेली, मूत्रपिंडं वाळून निकामी होत आलेली. अंबादास भिंतीला टेकून खाली बसला. शालन आत गेली.

"वन्सं," ती एवढंच म्हणाली, आणि खाटेची कड धरून उभी राहिली.

"तो एक हुता ना गल्लीतला," हौसाबाई म्हणाल्या. आवाज पार खोल गेला होता. "ती मी. नवरा गेला तवाच मनात शंका आली हुती. मशीन बसलं आन् एक आला, तवा वळखलं."

"मग शून्य कसं झालं?"

"अगं, मशीन गल्लीच्या गटारात. मी गल्लीतल्या संडासात जायचंच सोडलं. ढाब्यावर जायची, तिथलं पाणी उघड्या वढ्याला जातं, तिथं कोण मोजतंय? घरी आले की पाणी बंद. रातभर तोंड कोरडं पडायचं, पर सवय हुती." त्या किंचित हसल्या. "पोरीचं लग्न झालं न्हवं?"

"आवो, औषध हुतं! दोन इंजेक्शनं! माझ्यासंगं यायचं हुतं."

"त्या बसमधी? मी बसले असते तर सांजच्याला बार्शीला कळलं असतं, गल्लीताईची नणंदच ती म्हणून. पोरीनं काय तोंड दावलं असतं? लग्न झालं की जाणारच हुते मी. दिवाळीपतुर टाइम हाय, तूच म्हणालीस."

शालनला रडू फुटलं. दिवाळीचा अंदाज यंत्राला दिसणाऱ्या तुकड्यांवरून बांधलेला होता. यंत्राला काही दिसेनासं झाल्यावर रोग किती वेगानं धावतोय ते बघणारं कुणी उरलंच नव्हतं. आणि तहानेनं कोरडं पडत गेलेलं शरीर दिवाळीची वाट कशाला बघेल? हे सगळं तिला त्या घटकेला कळलं, पण सांगण्यात काही अर्थ नव्हता.

हौसाबाईंनी तिचं मनगट धरलं. "ऐक. मी एकटी न्हाई. लई बाया येतात तिथं, उजाडायच्या आत. निरनिराळ्या गल्ल्यांच्या. मीच धुते न्हवं तिथलं, मला दिसतं. कुणी कुणाशी बोलत न्हाई. त्यास्नी सांग, लग्नापतुर थांबू नका म्हणावं. कुणाच्याच लग्नापतुर थांबू नका."

दोन दिवसांनी त्या गेल्या. बार्शीला क्षय झाला म्हणून कळवलं. ते खोटंही नव्हतं.

तेरावं झाल्यावर शालन टेकडीवर गेली आणि डॉ. सबनीसांपुढं सगळं ओतून मोकळी झाली. बाई ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. शहरातल्या किती गल्ल्या यंदा शून्यावर आल्या, याचं भाषण त्यांनी गेल्याच महिन्यात केलं होतं.

"मला वाटलं, माणूस आपलं पाणी कुठं नेईल?" त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या.

"बायाच नेतात मॅडम. गडीमाणसं कुठंबी उभी ऱ्हात्यात, ती तुमच्या मशीनमधी आलीच कवा? माझं एकच म्हणणं हाय. औषधाची गाडी ढाब्यावर आणा. नाव इचारू नका, गाव इचारू नका. दंड पुढं केला की टोचा."

"आणते. पण शालनताई, जिथं आकडा शून्य आहे तिथं एक बाटलीसुद्धा मंजूर होत नाही. नियमच तसा आहे, मीच सुचवलेला. औषध वाया जाऊ नये म्हणून. ढाब्याच्या ओढ्यावर यंत्र बसवून एकदा आकडा घ्यावा लागेल. एक दिवस फक्त."

शालनच्या मनात काहीतरी खुपलं. पण औषध येणार होतं. ती हो म्हणाली.

यंत्र बसलं. दुसऱ्या सकाळी बाईंचा फोन आला. आकडा एक्केचाळीस होता. चादरवाडीतल्या एकूण एक गल्लीत तेव्हा शून्य होतं. बाई म्हणाल्या, मी भांडून आणते औषध, आठवड्याच्या आत आणते. आणि खरोखर आणलं. नाव विचारायचं नाही, ही अटसुद्धा त्यांनी वर भांडून मान्य करून घेतली. फक्त एका दिवसासाठी बसवलेली पेटी काढायची परवानगी तेवढी मिळाली नाही. चादरवाडीचा दवाखाना बंद झाल्यापासून पहिल्यांदाच औषध लोकांच्या पायापाशी येत होतं.

गाडी पहाटे ढाब्यावर जाऊन उभी राहिली. बर्फाच्या पेट्या भरलेल्या, नर्स हातमोजे घालून तयार. शालन संडासाच्या वाटेवर उभी राहिली, हौसाबाईंचा निरोप मनात घोळवत. पूर्वेला फटफटलं. अंगणात ट्रकवाले दात घासत होते. एकही बाई आली नाही.

ढाब्याचा मालक कानकोंडा होऊन जवळ आला. "ताई, ती पिवळी पेटी बसवताना लोकांनी बघितलं. तिसऱ्या दिवसापासून बायांचं येणं बंद झालंय. संडासाचे पैसे मिळायचे, तो माझाही धंदा गेला."

डॉ. सबनीसांनी मोबाइल काढून पाहिला. "शून्य," त्या म्हणाल्या. 

शालन हायवेच्या कडेनं चालत सुटली. ढाब्यापुढं वस्ती नाही, नुसतं मोकळं रान, बाभळी, आणि एक बांधाची वाट. उजेड वाढला तशा तिला त्या दिसल्या. दूरवर, एकीपासून एक अंतर ठेवून, डोक्यावरून पदर ओढून चाललेल्या बाया. ढाबा सोडून आता ओढ्याच्याही पलीकडे.

ती पळाली. "आवो बायांनो, थांबा!" त्या आणखी भराभर चालू लागल्या. हाक मारायला एकीचंही नाव तिला ठाऊक नव्हतं. धाप लागून ती बांधावर थांबली, आणि पोटातून आली ती हाक तिनं मारली.

"वन्सं!"

सगळ्यांत मागची बाई थांबली. तिनं तोंड वळवलं नाही, पदर दातात धरून पाठमोरीच उभी राहिली.

"औषध आलंय," शालन ओरडून सांगू लागली. "ढाब्यावर गाडी हाय. नाव इचारत न्हाईत. कुणी लिहून घेत न्हाई. माझी नणंद मेली ओ तहानेनं. तुमी नका असं करू. पोरीबाळींची लग्नं हुतील, तुमी आधी जगा!"

बाई ऐकत होती. तिचे खांदे हलत होते. तिनं तसंच, मागं न बघता, विचारलं.

"तिथं मशीन हाय का?"

शालननं ढाब्याकडे पाहिलं. खोटं बोललं असतं तर चाललं असतं, पण तिला ते जमलं नाही.

"हाय," ती म्हणाली.

बाईनं पदर सारखा केला आणि ती पुढं गेलेल्यांच्या मागं चालू लागली.